दिंद्रुड रस्त्यावरची कुत्री

परळी वैजनाथ
४ डिसेंबर २०२३

ती. रुक्मिणीआत्यास,
साष्टांग नमस्कार.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मेसेज वाचायचे नाहीत असं तू ठरवलंयस, म्हणून कागद घेऊन बसलोय. कॉलेजात पोरांना निबंध लिहायला लावतो; स्वतः शेवटचं पत्र कधी लिहिलं ते आठवत नाही.

काम आहे. दिवाळीनंतर दिंद्रुडजवळ रस्त्याच्या कडेला एक कुत्री सापडली. मागचा पाय मोडलेला, अंग रक्तानं भरलेलं. ऊसतोडीला निघालेल्या कुणीतरी तिला ट्रकमधून फेकून दिलं होतं. ही माणसं अशीच. जनावर कामाचं आहे तोवर बरोबर न्यायचं, नाहीतर रस्त्यावर. मी तिला गाडीत घालून परळीला आणलं. ऑपरेशन झालं, पायात सळई घातलीय. आमच्या प्राणीमित्र ग्रुपनं तिचं नाव डेझी ठेवलंय.

कायमचं घर मिळेपर्यंत अशा कुत्र्यांना कुणीतरी आपल्याकडे सांभाळतं, त्याला फोस्टर म्हणतात. आमच्या घरमालकाला थर्मल वीजकेंद्राची राख घरात आलेली चालते, कुत्रं चालत नाही. मनिषा म्हणाली, आत्यांना विचारा. तुझ्याकडे अंगण आहे, गोठा रिकामा आहे. काही आठवड्यांचाच प्रश्न आहे.

तुझा,
अभिमन्यू


नांदूरघाट
९ डिसेंबर २०२३

चि. अभिमन्यूस,
आशीर्वाद द्यावेच लागतात म्हणून दिले आहेत.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, कुणी चेष्टा करतंय. दोन विषयांत एम.ए. झालेला माझा भाचा रस्त्यावरच्या कुत्रीसाठी स्थळं बघतोय. मागच्या वर्षी माझे गुडघे धरले तेव्हा तू मला डॉक्टरचा पत्ता मेसेजवर पाठवलास. कुत्रीला मात्र गाडीत घालून नेलंस. पुढच्या वेळी मी दिंद्रुडच्या रस्त्यावर जाऊन पडेन.

डेझी हे नाव माझ्या तोंडून निघणार नाही. ती घरात येणार नाही, पलंगावर चढणार नाही, तिला बिस्किटं मिळणार नाहीत. तुमच्या ग्रुपातलं कुणी फोटो काढायला माझ्या दारात उभं राहिलं तर त्याच्यावर मी बादलीभर पाणी ओतेन. मुख्याध्यापिका होते तेव्हा शाळा तपासायला येणाऱ्यांनाही मी फार लाडानं वागवलं नाही.

एवढं पटत असेल तर आण.

रुक्मिणीआत्या


नांदूरघाट
२ जानेवारी २०२४

चि. अभिमन्यूस,
आशीर्वाद.

'डेझी रुळली का' एवढं एकच वाक्य लिहून पाकीट पाठवलंस. पाकिटाचीही लाज वाटली असेल.

सुरुवातीला ती गोठ्यात कडब्याच्या मागे घुसून बसली. भाकरी समोर ठेवली तर माझ्याकडे बघत राहायची. मी पाठ फिरवली की खायची. तुमच्या ग्रुपनं दिलेला आहाराचा तक्ता मी चुलीत घातला. भात, उकडलेली अंडी, भोपळा. माझ्या घरात माणसांना एवढं मिळत नाही. ती ताकात कुस्करलेली भाकरी खाते आणि वाटी चाटून उलटी करते. आता कडबा सोडून ओसरीच्या पायरीवर झोपते. पायरी घरात धरायची की बाहेर, हे ठरायचं आहे.

एक खोड वाईट आहे. ट्रॅक्टर-ट्रॉली रस्त्यानं गेली की लंगडत फाटकापाशी जाते. अंग थरथरत असतं, आणि ट्रॉली दिसेनाशी होईपर्यंत तिथून हलत नाही. फार भ्यालेली दिसते. तुमच्याकडे याला इंग्रजी शब्द असेलच.

आणखी एक. तिचं भुंकणं मला ऐकू येत नाही हे तिला कळलंय. दारात कुणी आलं की येऊन माझ्या गुडघ्याला नाक लावते. दूध घालणारी भिवराबाई इतकी वर्षं फाटकाशी उभी राहून ओरडायची आणि मग चिडून परत जायची. आता मला वेळेवर दूध मिळतं. यात कौतुकाचं काही नाही. तू विचारलंस म्हणून लिहिलं.

रुक्मिणीआत्या


परळी वैजनाथ
२१ जानेवारी २०२४

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी मी घाईत होतो, नीट बोलता आलं नाही. डेझीला न्यायला आलो तेव्हा तू पाठमोरी बसून तूर पाखडत होतीस, दारापर्यंतही आली नाहीस. तुला सुटल्यासारखं झालं असणार, आणि ते साहजिक आहे. तुला फार त्रास दिला.

घर उत्तम मिळालंय. राधाकिशनशेठ, मोंढ्यात धान्याची आडत आहे, नवा बंगला बांधलाय. ग्रुपनं घरी जाऊन पाहणी केली. उंच कंपाउंड, पोर्चमध्ये पंखा. शेठनी तिला हार घातला, आम्ही सगळ्यांनी फोटो काढला. ट्रॉलीला भिण्याचं म्हणशील तर तो जुन्या मालकाच्या छळाचा परिणाम आहे. चांगल्या घरात ते हळूहळू जाईल.

तुझा,
अभिमन्यू


नांदूरघाट
२६ जानेवारी २०२४

चि. अभिमन्यूस,

सुटल्यासारखं झालं, हे तू अगदी बरोबर ओळखलंस. तुझी नजर लहानपणापासून तशीच तीक्ष्ण आहे.

तुझे शेठ मी पाहिलेले नाहीत, पण कुत्रीला हार घालणारा माणूस मला पाहायची गरज नाही. तो हार सुकेपर्यंत ती तिथे राहील. लंगडी कुत्री फाटकाशी शोभत नाही हे कुणीतरी पाहुणा त्याला सांगेल आणि मग त्याच्या लक्षात येईल.

वाटी इथेच राहिली आहे. तिकडे चांदीची दिली असेल.

रुक्मिणीआत्या


परळी वैजनाथ
१२ फेब्रुवारी २०२४

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

शेठ डेझीला परत देतायत. भुंकत नाही म्हणाले. कुणीही आलं तरी भुंकायचं सोडून शेठकडे जाते आणि त्यांच्या गुडघ्याला नाक लावते. पांढऱ्या पायजम्यावर डाग पडतात. शिवाय व्याही येऊन हसून गेले, की एवढ्या बंगल्याला लंगडी मादी कुठून आणली. मला फोनवर म्हणाले, "सर, फुकट होतं म्हणून असला माल द्यायचा का?" माल म्हणाले. मी 'बरं, घेऊन जातो' म्हणालो. आडतीवर बसून त्या माणसाला सगळं पोत्यात मोजायची सवय लागलीय.

दुसरं घर बघतोच आहे. सगळे विचारतात, जातीचं आहे का, नर आहे का, पिल्लू आहे का. मोठी, गावठी, लंगडी मादी म्हटलं की फोन ठेवतात. लोकांची लायकी कुत्र्यांमुळे कळते.

रविवारी आणून सोडतो. चालेल ना?

तुझा,
अभिमन्यू


नांदूरघाट
३ मार्च २०२४

चि. अभिमन्यूस,
आशीर्वाद.

चालेल ना म्हणून विचारलंस आणि उत्तर पोचायच्या आत आणून सोडलीस. बरं केलंस.

तिच्या मानेला साखळीनं कातडं सोललं होतं. तू पट्टा घालून ते झाकलं होतंस. मी पट्टा काढला, हळद लावली. आता केस यायला लागलेत. परत आली तेव्हा गोठ्यात गेली नाही, सरळ पायरीवर चढली आणि तिथून आत. मी हाकललं नाही, कारण माझे गुडघे दुखत होते.

ट्रॉली गेली की अजून फाटकाशी जाते. हल्ली ऊसतोडीच्या गाड्या परत यायला लागल्यात, त्यामुळे दिवसभर तोच उद्योग चालतो.

आता कुणाला पाठवू नकोस. मी ठेवून घेतली असं समजू नकोस. लायकीचा माणूस सापडेपर्यंत राहील. तुमच्या परळीत तो किती दिवसांत सापडतो हे बघायला मला काही घाई नाही.

रुक्मिणीआत्या


परळी वैजनाथ
२ एप्रिल २०२४

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

घाईत लिहितोय. डेझीला पुण्यात घर मिळालं. एक बाई आहेत, तीन कुत्री आधीच आहेत, मोठी बाग आहे. येत्या रविवारी त्यांची गाडी तिला न्यायला येईल. तयारी ठेव.

दरम्यान कुणी अनोळखी माणसं तिची चौकशी करत आली तर कुत्री इथे नाही म्हणून सांग. दार उघडू नकोस. हल्ली कुत्री चोरणारे फिरतायत.

तुझा,
अभिमन्यू


नांदूरघाट
६ एप्रिल २०२४

चि. अभिमन्यूस,

तुझं पत्र पोस्टमननं दिलं आणि त्याच दुपारी चोर आले.

दोघं होते. आसाराम आणि त्याची बायको छबुबाई, दिंद्रुडबाहेरच्या वस्तीवर राहतात, ऊसतोडीला जातात. मी ओसरीवर गहू निवडत होते. गुडघ्याला नाक लागलं नाही, म्हणून कुणी आलंय हे मला कळलंच नाही. सहज मान वर केली तर ती बाई फाटकाशी मातीत बसलेली होती आणि कुत्रीचं डोकं तिच्या पदरात होतं. नवरा हातात चपला घेऊन बाहेरच उभा होता. इतक्या महिन्यांत तिनं मला कुणी आल्याचं सांगितलं नाही असं हे पहिल्यांदाच झालं.

मी काय केलं माहीत आहे? तुझीच भाषा बोलले. ट्रकमधून फेकून दिलीत तेव्हा ही माया कुठे गेली होती, असं विचारलं. बाई उठली, माझ्या कानाशी तोंड आणून मोठ्यानं म्हणाली, "बाई, फेकली असती तर ती माझ्या पदरात आली असती का?"

मग नवऱ्यानं सगळं सांगितलं, बायकोनं माझ्या कानात पोचवलं. दिंद्रुडच्या गतिरोधकावर ट्रक उसळला आणि कुत्री खाली पडली, मागच्या गाडीनं उडवली. यांनी केबिनवर हात बडवले. मुकादमानं पुढचं गाव येईपर्यंत ट्रक थांबवू दिला नाही. आसाराम कुणाची तरी मोटारसायकल मागून परत आला, तर रस्त्यावर नुसतं रक्त. चहाच्या टपरीवरचा माणूस म्हणाला, परळीचे कुणी सर गाडीत घालून घेऊन गेले. त्यानं सरांना सांगितलंही होतं की मालक येतीलच मागे, तर ते म्हणाले, असल्या मालकांना कुत्रं कशाला पाहिजे.

कुत्री रक्तात होती, तू थांबला नाहीस, हे मी समजू शकते. पण टपरीवर आपलं नाव सांगायला किती वेळ लागतो रे?

हंगाम संपल्यावर ते शोधत परळीला आले. जनावरांच्या दवाखान्यात तुझं नाव कळलं. तुझ्या दारात आले. तू त्यांना सांगितलंस, कुत्री मेली. जिन्यात मागून येऊन मनिषानं खरं सांगितलं नसतं तर ते रडून घरी गेले असते. त्या पोरीनं तुझ्यात काय पाहिलं हे मला लग्नातही कळलं नव्हतं.

कुत्रीचं नाव साळू आहे. ट्रॉलीला ती भीत नव्हती. माणसं शोधत होती. आपण दोघं शिकलेली माणसं, आणि थरथरणं बघून आपल्याला भीतीच दिसली.

मी साळूला देऊन टाकली. तुमच्या ग्रुपला विचारलं नाही. पायात सळई आहे, उंचावरून उडी मारू देऊ नका, एवढं सांगितलं. वाटीही दिली. पुण्याच्या बाईंना तीन कुत्री पुरे आहेत.

रुक्मिणीआत्या


परळी वैजनाथ
१० एप्रिल २०२४

ती. आत्यास,

तू फार मोठी चूक केलीस, आणि मला न विचारता केलीस.

पदरात डोकं ठेवलं की सगळं माफ होतं का? पुढच्या दिवाळीनंतर ते तिला पुन्हा ट्रकवर घालतील. उसाच्या फडात पाचटाच्या कोपीबाहेर बांधतील. पाय बिघडला तर कोण दवाखान्यात नेणार? ज्यांना स्वतःच्या डोक्यावर सहा महिने छप्पर नाही त्यांनी जनावर पाळू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मेली म्हणालो ते तिच्या भल्यासाठी. मनिषा माझ्याशी बोलत नाही, तो विषय वेगळा.

मी गप्प बसलेलो नाही. ते दोघं दारात आले होते तेव्हा मी मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता. तो टाकून सगळी हकिगत ग्रुपवर आणि फेसबुकवर लिहिली. जनावरं फेकून देणाऱ्यांना ओळखून ठेवा, असं लिहिलं. शेकडो लोकांनी पुढे पाठवलंय. समाजाला कळायला पाहिजे.

अभिमन्यू


नांदूरघाट
१५ एप्रिल २०२४

अभिमन्यू,

आशीर्वाद या खेपेला राहू दे.

भिवराबाईच्या सुनेच्या फोनवर तू लिहिलेलं वाचलं. चष्मा पुसून, सावकाश, खालच्या प्रतिक्रियांसकट. 'भिकारड्यांना यांच्याच ट्रकमधून फेका' असं कुणी लिहिलंय आणि तू त्याला नमस्काराचं चित्र पाठवलंयस. मराठी शिकवतोस ना?

तुला एक विचारते. राधाकिशनच्या साखळीनं तिच्या मानेचं कातडं गेलं होतं. त्याचा फोटो टाकलास का? 'ओळखून ठेवा' लिहिलंस का? त्याचा हार घातलेला फोटो मात्र अजून आहे, ती सून म्हणाली. तुम्ही त्याच्या घरी पाहणीला गेलात तेव्हा चपला बाहेर काढून सोफ्यावर बसलात आणि पंखा बघून आलात. हे दोघं तुझ्या दारात आले तेव्हा तू त्यांना जिन्यावर उभं ठेवलंस, तोंडावर खोटं सांगितलंस आणि चोरून फोटो काढलास. तुमचं प्राण्यांवरचं प्रेम कंपाउंड बघून उतू जातं.

त्यांना तेजश्री नावाची मुलगी आहे. अकरावीला आहे, माजलगावला वसतिगृहात राहते. छबुबाई कौतुकानं सांगत होती. पोरीकडे फोन असेल. तुझं लेखन तिथपर्यंत गेलं असेल.

दिंद्रुडला जा. ते लिहिलेलं काढून टाक आणि मग जा. मी बरोबर येणार नाही. लहानपणी शेजाऱ्याच्या काचा फोडल्यास तेव्हा मी तुझा हात धरून गेले होते, आता तू चाळिशीचा आहेस.

माझी चौकशी केली नाहीस, तरी सांगते. साळू गेल्यापासून भिवराबाई पुन्हा फाटकाशी ओरडते म्हणे. मला ते ऐकू येत नाही, तेव्हा त्याचा त्रास तिलाच होतो.

रुक्मिणी


परळी वैजनाथ
२१ एप्रिल २०२४

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

काल दिंद्रुडला जाऊन आलो.

आधी फोटो काढून टाकला आणि खरं काय घडलं ते लिहिलं: टपरीवाल्याचं बोलणं, मी नाव न सांगणं, मेली म्हणून सांगणं, शेठची साखळी. संध्याकाळपर्यंत ग्रुपनं मला काढून टाकलं. पुण्याच्या बाईंनी लिहिलं की मी विकला गेलो.

वस्ती रस्त्यापासून आत आहे. पत्र्याची खोली, बाहेर लिंबाखाली साळू झोपली होती. आसाराम कुणाच्या तरी शेतात कामाला गेला होता. छबुबाई एकटीच होती आणि आत तेजश्री. वसतिगृह सोडून आलीय. ती बाहेर आली नाही, दाराआड तिचे पाय दिसत होते.

छबुबाईनं मला ओळखलं. घोंगडी टाकली आणि म्हणाली, "तिचा पाय तुमी वाचिवला, म्हणून बसा."

मी बसलो. माफी मागायची म्हणून गाडीत वाक्यं जुळवली होती. तिनंच विचारलं, "मेली म्हणून काहून सांगितलं?" मी म्हणालो, मला वाटलं तुम्ही तिला पुन्हा टाकून द्याल. तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं वाटलं असतं. बाजारात एखादी वस्तू हातात घेऊन खाली ठेवतात, तसं बघितलं.

मग म्हणाली, "मेली सांगितलं ते मी सोडलं असतं. तुमी लिव्हलं ते माझ्या लेकीनं वाचलं. तिच्याबरुबरच्या पोरींनी वाचलं. तुजे मायबाप कुत्री फेकत्यात व्हय, म्हणून इचारलं तिला. ती आता जायला तयार न्हाई."

मी म्हणालो, मी स्वतः वसतिगृहात जातो, तिथल्या बाईंना आणि मुलींना सांगतो. दाराआडून तेजश्री म्हणाली, "तुम्ही नका येऊ." तेवढंच. तुझ्यामाझ्यासारखं शुद्ध बोलते. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "मी जाईन सोमवारी. पण तुम्ही येऊ नका."

छबुबाईनं कपबशीत चहा दिला. स्वतः घेतला नाही. मी पीत असताना साळू उठून आली, माझा हात हुंगला, शेपटी हलवली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. छबुबाई म्हणाली, "ती समद्यांनाच हलविती." पाय चांगला टेकवते. मानेवर केस आलेत.

निघताना मी विचारलं की औषधपाणी लागलं तर मला कळवाल का. तिनं कपबशी विसळायला घेतली. मी गाडीपर्यंत पोचलो तेव्हा मागून हाक मारली. मला वाटलं, हो म्हणणार असेल.

म्हणाली, "नांदूरघाटच्या बाईंना निरोप द्या. दिवाळी झाली की आमी फडावर जाणार. आता साळूला ट्रकवर न्यायचं जिवावर येतंय. आमी येईस्तवर तिला ठिवून घेतील का, इचारा. तुमच्याकडं न्हाई, त्यांच्याकडं. आन सांगायचं असंल ते आमालाच सांगा म्हणावं. मधी तुमी नको."

म्हणून हे पत्र लिहितोय. तिचा पत्ता पाकिटाच्या मागे लिहिलाय. उत्तर मला पाठवू नकोस.

अभिमन्यू